स्टालिनच्या कपाटात ट्रॉट्स्की होता

स्टालिन प्रचंड वाचायचा. हे सांगितलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना पटत नाही, आणि पटलं तरी आवडत नाही. हुकूमशहा म्हटलं की पुस्तकांचं वावडं असलेला, आरडाओरडा करणारा, अर्धशिक्षित माणूस डोळ्यांसमोर येतो. 'वाचाल तर वाचाल' ही पाटी शाळेच्या भिंतीवर बघत आपण मोठे झालो. एवढं वाचणारा माणूस इतक्या लोकांना कसा मारेल, हे आपल्या गळी उतरत नाही. मग कुणी म्हणतं, वाचन दिखाऊ असणार. कुणी थेट दुसऱ्या टोकाला जातं: बघा, केवढा अभ्यासू माणूस, उगाच बदनाम केला त्याला.

मला दोन्ही खोटं वाटतं. त्याचं वाचन अस्सल होतं. आणि त्याच्या ग्रंथसंग्रहाबद्दल मी जितकं वाचत गेले तितकं माझं मत पक्कं होत गेलं, की या संग्रहातून स्टालिनपेक्षा त्याच्या देशातल्या बाकीच्या माणसांबद्दल जास्त कळतं. त्यांच्या घरात कोणती पुस्तकं होती, कोणती असूच शकत नव्हती, आणि होती ती त्यांनी रात्रीतून का जाळली, हे सगळं त्यात दिसतं.

१९२५ च्या मे महिन्यात स्टालिनने स्वतःच्या हाताने एक कागद लिहून आपल्या सचिवालयाला दिला. माझी पुस्तकं कशी लावायची, याच्या त्या सूचना होत्या. पुस्तकं लेखकांच्या नावाने न लावता विषयवार लावा, असं त्याने लिहिलं आणि तीसेक विषय दिले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, उद्योग, शेती, रशियाचा इतिहास, इतर देशांचा इतिहास, परराष्ट्र व्यवहार, लष्कर, कामगार संघटना, ललित साहित्य. एखाद्या जिल्हा ग्रंथालयाच्या ग्रंथपालाला शोभेल असा तो कागद आहे. पुढे एक अपवाद केला होता. काही लेखक विषयात न मिसळता त्यांच्या नावानेच वेगळे ठेवायचे: मार्क्स, एंगेल्स, लेनिन, काउत्स्की, प्लेखानोव, रोझा लक्झेंबर्ग असे मार्क्सवादी विचारवंत, आणि त्यांच्या जोडीला ट्रॉट्स्की, बुखारिन, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, राडेक.

शेवटची पाच नावं पुन्हा वाचा. हे पाचही जण स्टालिनचे पक्षातले सहकारी आणि प्रतिस्पर्धी. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्हला ऑगस्ट १९३६ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. बुखारिनला मार्च १९३८ मध्ये. राडेक १९३९ मध्ये कैदेत मारला गेला. ट्रॉट्स्कीला १९४० मध्ये मेक्सिकोत मारेकरी पाठवून संपवलं. कपाटात ज्यांना मानाने वेगळी जागा दिली, त्या पाचही जणांचा पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत जीव गेला. त्यांची पुस्तकं मात्र कपाटातच राहिली.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मॉस्कोजवळच्या कुंत्सेवोच्या बंगल्यात मेला, तेव्हा पुस्तकं, पुस्तिका आणि नियतकालिकं मिळून त्याच्या संग्रहात सुमारे २५ हजार जिनसा होत्या. बंगल्याचं स्मारक करायचं आधी ठरलं होतं. १९५६ च्या फेब्रुवारीत स्टालिननंतरचा नेता ख्रुश्चेव्ह याने स्टालिनवर टीका करणारं ते गाजलेलं भाषण केलं आणि तो बेत बारगळला. पुस्तकं पांगली, बरीचशी इतर ग्रंथालयांत मिसळून गेली. ज्यांवर त्याच्या हाताच्या खुणा होत्या अशी सुमारे चारशे पुस्तकं आणि पुस्तिका तेवढ्या पक्षाच्या अभिलेखागारात जपल्या गेल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अभ्यासक त्यांच्यापर्यंत पोहोचले.

त्या खुणा बघण्यासारख्या आहेत. निळी, लाल, हिरवी पेन्सिल. ओळींखाली रेघा, समासात उभ्या रेघा, मुद्द्यांना घातलेले आकडे. कुठे 'बरोबर', कुठे 'मूर्खपणा', कुठे नुसतंच 'हा-हा'. काउत्स्कीच्या पानांवर त्याने शिव्या लिहिल्यात. ट्रॉट्स्कीच्या १९२० सालच्या एका पुस्तकात, क्रांतीसाठी दहशत का आवश्यक आहे हे जिथे ट्रॉट्स्की ठासून सांगतो तिथे, समासात पसंतीच्या नोंदी आहेत. ज्या माणसाचं नाव उच्चारणं हा देशात गुन्हा ठरला, त्याचं पुस्तक हा माणूस मन लावून वाचत होता, आणि त्याला ते पटतही होतं.

स्टालिन असं वाचायला कुठे शिकला ते बघा. जॉर्जियातल्या तिफ्लिसच्या (आजच्या तिबिलिसीच्या) धर्मविद्यालयात पाद्री होण्यासाठी शिकत असताना १८९६ साली त्याच्याकडे व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी सापडली आणि त्याला कोठडीत डांबण्याची शिक्षा झाली. मठातले गुरुजी मुलांच्या पेट्या तपासायचे, बाहेरच्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं जप्त करायचे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तिथे एक धडा मिळाला, की ज्याच्या हातात सत्ता असते तो पुस्तकाला भितो. मला वाटतं त्या मठातून तो दोन गोष्टी घेऊन बाहेर पडला: वाचनाची भूक आणि पेटी तपासण्याची सवय. पुढे पूर्ण देशाची पेटी त्याच्या हातात आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुस्तकं काढून टाकायला सुरुवात स्टालिनने केली नाही. सेन्सॉरचं खातं, ज्याला ग्लावलित म्हणत, १९२२ मध्येच निघालं, लेनिन हयात असताना. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया ज्या खात्याच्या प्रमुख होत्या त्या खात्याने विसाच्या दशकाच्या सुरुवातीला छोट्या वाचनालयांमधून काय काय हटवायचं याच्या याद्या काढल्या. प्लेटो, कांट, शोपेनहॉवर आणि टॉलस्टॉयचं काही लेखनही त्या याद्यांत होतं. हे कळल्यावर लेखक गॉर्की इतका हादरला, की सोव्हिएत नागरिकत्व सोडण्याचा विचार त्याने मित्राला पत्रातून कळवला. म्हणजे यंत्र तयार होतं. स्टालिनने ते पूर्ण क्षमतेने चालवलं.

आणि हे घडत होतं लोकांना वाचायला शिकवलं जात असतानाच. १९२६ च्या जनगणनेत नऊ ते एकोणपन्नास वयोगटातले सुमारे ५७ टक्के लोक साक्षर होते, १९३९ मध्ये हा आकडा ८७ टक्क्यांवर गेला. हे काम खरं आहे, मोठं आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया अक्षरं गिरवायला बसल्या. मी त्याला कमी लेखणार नाही. माझा राग इथूनच सुरू होतो. कोट्यवधी लोकांना पहिल्यांदा अक्षरओळख होते, आणि त्यांच्या हातात काय पडतं? १९३८ मध्ये पक्षाच्या इतिहासाचं अधिकृत पुस्तक निघालं. स्टालिनने त्यावर स्वतः बसून काम केलं, कित्येक पानं नव्याने लिहिली. त्याच्या मृत्यूपर्यंत त्या एका पुस्तकाच्या ६७ भाषांमध्ये चार कोटींहून जास्त प्रती छापल्या गेल्या. कारखान्यात, कॉलेजात, सैन्यात ते पाठ करावं लागायचं. त्याच्या स्वतःच्या कपाटात एकाच घटनेबद्दल एकमेकांना खोडून काढणारे दहा लेखक होते. लोकांना मिळाला एकच, आणि तो कपाटाच्या मालकाने तपासलेला.

ग्रंथालयांत तेव्हा एक स्वतंत्र विभाग असायचा, रशियनमध्ये त्याला स्पेत्सखरान म्हणत. कुलूपबंद साठा. आज एखादा लेखक पकडला की उद्या त्याची पुस्तकं तिथे जायची, तालिकेतून कार्ड काढलं जायचं. खास परवानगी असेल तरच आत प्रवेश. ज्याने प्रस्तावना लिहिली तो 'शत्रू' निघाला तरी पुस्तक अडकायचं. प्रस्तावनेचं पान फाडून पुस्तक परत कपाटात, असंही व्हायचं.

घरातल्या पुस्तकांचं काय व्हायचं, ते मला याहून भयंकर वाटतं. अलेक्झांडर रोदचेन्को हा त्या काळातला नावाजलेला छायाचित्रकार आणि मांडणीकार. १९३४ मध्ये उझबेकिस्तानच्या दहा वर्षांवर त्याने एक देखणा अल्बम रचला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यातल्या कितीतरी नेत्यांना अटक झाली, गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे फोटो घरात असणं हाच पुरावा. रोदचेन्कोने स्वतः रचलेल्या पुस्तकाच्या स्वतःच्या प्रतीत, स्वतःच्या हाताने, त्या माणसांच्या चेहऱ्यांवर काळी शाई फासली. ती प्रत टिकली, तिच्या पानांचे फोटो आज कुणालाही बघता येतात. गणवेश, पदकं, आणि मानेवर काळा डाग. मी ते बघितले तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. एक स्टालिनचं, समासात बिनधास्त लिहिलेलं. दुसरं रोदचेन्कोचं, भीतीने काळं केलेलं. दोघेही आपापल्या घरी, आपल्याच पुस्तकावर काहीतरी करत होते. त्या देशात पुस्तकाशी भांडायचा, हसायचा, 'हे चूक आहे' असं लिहून ठेवायचा अधिकार एकाच माणसाकडे उरला होता. बाकीच्यांनी पुस्तकावर हात चालवला तो स्वतःला वाचवायला.

आणि ही सवय तो गेल्यावरही सुटली नाही. १९५३ मध्ये स्टालिनचा गुप्त पोलीसप्रमुख बेरिया याला अटक झाल्यावर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना पत्र आलं: पाचव्या खंडातली अमुक पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढा आणि सोबत पाठवलेली नवी पानं चिकटवा. बेरियाच्या जागी बेरिंगच्या समुद्रावर मजकूर आला. कितीतरी लोकांनी निमूटपणे ब्लेड घेतलं असेल.

संग्रहाचं कौतुक करणाऱ्यांना मी नेहमी १९४८ सालचा एक प्रसंग सांगते, कारण माझं म्हणणं त्यात पुरतं येतं. त्या उन्हाळ्यात लिसेंको या सरकारच्या मर्जीतल्या कृषिशास्त्रज्ञाने जीवशास्त्रावर मोठं भाषण तयार केलं. मेंडेलचा आनुवंशिकतेचा सिद्धांत भांडवलदारांची थाप आहे, गहू आपण शिकवू तसा वागेल, असा एकूण सूर. मसुदा स्टालिनकडे गेला. त्याने तो संपादकाच्या काळजीने वाचला. लिसेंकोने एके ठिकाणी लिहिलं होतं की प्रत्येक विज्ञान हे वर्गीय असतं. स्टालिनने समासात लिहिलं: हा-हा-हा! आणि गणित? आणि डार्विनवाद?

म्हणजे त्याला कळत होतं. विज्ञानाला वर्ग चिकटवणं हा बाष्कळपणा आहे, हे एकट्याने पेन्सिल हातात धरून बसल्यावर त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने ते वाक्य गाळायला लावलं, 'भांडवलदारी' हा शब्द बऱ्याच जागी बदलला, आणि भाषणाला मान्यता दिली. ७ ऑगस्ट १९४८ रोजी लिसेंकोने भर सभेत जाहीर केलं, की पक्षाच्या केंद्रीय समितीने माझं भाषण तपासून मंजूर केलं आहे. पुढे कुणी बोलायचं? आनुवंशिकता शिकवणारे प्राध्यापक नोकऱ्यांवरून काढले गेले, प्रयोगशाळा बंद झाल्या, मेंडेलवादी ठरलेली पाठ्यपुस्तकं मागे घेतली गेली.

निकोलाय वाव्हिलोव्ह तोवर मेलेला होता. जगभर फिरून धान्याचं बियाणं गोळा करणारा, दुष्काळ संपावा म्हणून आयुष्य घालवणारा शास्त्रज्ञ. १९४० मध्ये अटक झाली, २६ जानेवारी १९४३ रोजी तो सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने गेला. तुरुंगात त्याने शेतीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं होतं. ते कुठेच नाही. लिसेंकोच्या भाषणावरचं ते 'हा-हा-हा' मात्र अभिलेखागारात सुखरूप आहे.

एकट्या माणसाच्या वाचनावर देश चालवला की काय होतं, ते मला इथे दिसतं. समासात लिहिलेली शंका बरोबर होती. पण तीच शंका विद्यापीठातल्या वीस वर्षांच्या पोराला वर्गात विचारता आली असती, तर लिसेंको एवढा वाढलाच नसता. १९५० मध्ये भाषाशास्त्राचंही तेच झालं. वर्षानुवर्षं सरकारमान्य असलेला एक सिद्धांत स्टालिनला पुस्तकं वाचून पटेनासा झाला, त्याने पक्षाच्या 'प्राव्दा' या वर्तमानपत्रात लेख लिहिला, आणि कालपर्यंत तो सिद्धांत शिकवणाऱ्यांनी माफीनामे लिहायला घेतले. यावेळी त्याचं बहुतांशी बरोबर होतं, असं भाषातज्ज्ञही म्हणतात. मला त्याने जराही बरं वाटत नाही. बरोबर उत्तरसुद्धा वरून हुकूम म्हणून आलं, की ते तपासायची ताकद समाजात उरत नाही.

हिटलरचाही सुमारे १६ हजार पुस्तकांचा संग्रह होता, त्यातली बाराशेच्या आसपास आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबत नाही. एवढंच सांगते, की तोही रात्री उशिरापर्यंत वाचायचा आणि १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनच्या चौकात त्याच्याच राज्यात पुस्तकांची होळी झाली.

लोकांकडे मग काय उरलं? डोकं उरलं. कवी ओसिप मांदेलश्तामने १९३३ मध्ये स्टालिनवर एक कविता रचली. ती कागदावर न ठेवता काही मोजक्या लोकांना म्हणून दाखवली. तेवढ्यावर अटक झाली. दुसऱ्या अटकेनंतर १९३८ च्या डिसेंबरमध्ये तो व्लादिव्होस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याच्या कविता टिकल्या त्या पत्नी नादेझ्दाने पाठ केल्या म्हणून. ती गावोगाव फिरत राहिली आणि मनात म्हणत राहिली. कवयित्री आन्ना आख्मातोव्हा नव्या ओळी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मैत्रिणीला दाखवायची, मैत्रीण वाचून पाठ करायची, मग चिटोरा रक्षापात्रात जाळला जायचा. घरात छुपे कान असतील म्हणून तेवढा वेळ दोघी हवापाण्याचं काहीतरी मोठ्याने बोलत. २५ हजार पुस्तकांच्या त्या संग्रहासमोर मला हा दुसरा संग्रह मांडावासा वाटतो, बायकांच्या स्मरणातला.

हे आपल्याशी कुठे जोडलंय? खूप जवळून. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला आणि तो गिरणगावात गाजला. नाझींना तिथे अडवणाऱ्या लोकांबद्दलचा तो आदर सच्चा होता, आजही मला तो योग्यच वाटतो. १९५१ मध्ये भारतीय कम्युनिस्टांचं जे शिष्टमंडळ मॉस्कोत स्टालिनला भेटलं त्यात कॉम्रेड डांगे होते. आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं होती, जाड गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, किंमत अगदी परवडणारी. माझं वाचन त्यांवर वाढलं, मी त्यांचं ऋण मानते. पण त्या गाठोड्यात मांदेलश्ताम नव्हता आणि वाव्हिलोव्हचं काय झालं हेही नव्हतं. आपल्याकडच्या चांगल्या, कष्टाळू, सच्च्या कार्यकर्त्यांना एका कपाटातून निवडून दिलेलं तेवढंच वाचायला मिळालं. त्यांना दोष देताना मी थांबते. ज्यांनी नव्वदीनंतर सगळं उघड झाल्यावरही वाचायचं नाकारलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

शेवटी बुखारिनबद्दल. १९२५ च्या त्या कागदावर ज्याचं नाव होतं, तो. मॉस्कोतल्या लुब्यांकाच्या तुरुंगात सुमारे वर्षभर मरणाची वाट बघताना त्याने चार हस्तलिखितं लिहिली: एक तत्त्वज्ञानावर, एक समाजवाद आणि संस्कृतीवर, एक कवितांचं, आणि एक बालपणावरची अपुरी कादंबरी. त्याने स्टालिनला लिहून विनवलं, की माझं काहीही होवो, हे लेखन नष्ट होऊ देऊ नका. स्टालिनने ते नष्ट केलं नाही. छापलंही नाही. ती बाडं गुप्त अभिलेखागारात पडून राहिली. ज्याला मारलं त्याची हस्तलिखितं जपून ठेवणारा हा वाचक.

बुखारिनची पत्नी आन्ना लारिना तेव्हा चोविशीच्या आत होती, मूल वर्षाचंही नव्हतं. अटकेआधी त्याने तिच्याकडून पुढच्या पिढीसाठीचं एक पत्र पाठ करून घेतलं आणि कागद नष्ट केला. ती सुमारे वीस वर्षं तुरुंगात, छावण्यांत आणि हद्दपारीत होती. ते पत्र ती मनात म्हणत राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते तिच्या देशात छापून आलं. तुरुंगातल्या त्या चार बाडांचा मात्र तिला पत्ताच नव्हता. १५ जानेवारी १९३८ रोजी बुखारिनने तिला पत्र लिहून त्यांची कल्पना दिली होती, ती सांभाळ असं सांगितलं होतं. ते पत्र तिच्या हातात पडलं १९९२ मध्ये, चोपन्न वर्षांनी. ती तेव्हा ७८ वर्षांची होती. तिने बाडं मिळवली, आणि कादंबरी १९९४ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाली.